शिक्का प्रवेशाचा, प्रश्न वास्तव्याचा

१८८३ साली आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. दोघांच्याही मार्गात अडचणींचे डोंगर होते. पण व्हिसा नावाचा कागद मात्र नव्हता. पहिल्या महायुद्धाने राष्ट्रांच्या सीमा कागदांनी बंदिस्त केल्या आणि १९२४ च्या कायद्याने अमेरिकेत व्हिसाची सक्ती रूढ झाली. आज महाराष्ट्रातून तिकडे जाणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांची पहिली परीक्षा वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीतच होते.

विद्यापीठाकडून आलेला ‘आय-ट्वेंटी’ दाखला, सेव्हिस नोंदणीचे ३५० डॉलर, डीएस-१६० हा अर्ज, त्याचे १८५ डॉलर आणि शेवटी काही मिनिटांची मुलाखत, असा हा क्रम आहे. न्यायालयात गुन्हा शाबीत होईपर्यंत आरोपी निर्दोष असतो. येथे न्याय उलटा आहे. १९५२ च्या कायद्यातील २१४ (बी) कलमानुसार, अधिकाऱ्याची खात्री पटेपर्यंत अर्जदार कायमचे राहण्यासाठीच येत आहे, असे गृहीत धरले जाते. अशा वेळी मध्यस्थाने पढविलेली उत्तरे कामी येत नाहीत. आपण काय शिकणार, खर्च कोण करणार, हे विद्यार्थ्याने स्वतःच्या शब्दांत सांगावे लागते.

तथापि खरा घोटाळा पुढेच होतो. पारपत्रावर शिक्का उमटला की घरात पेढे वाटले जातात आणि कागदांचे प्रकरण मिटले, असा समज होतो. वस्तुतः तो शिक्का म्हणजे दार ठोठावण्याची परवानगी. आत राहण्याचा हक्क ठरतो तो विद्यार्थी म्हणून असलेल्या दर्जावर. शिक्का तेथे असताना संपला तरी दर्जा शाबूत असल्यास वास्तव्य कायदेशीरच राहते. उलट शिक्क्याची मुदत शिल्लक असूनही दर्जा जाऊ शकतो. पत्ता बदलल्यास दहा दिवसांत कळवावे लागते. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येते आणि बाहेरचे काम परवानगीवाचून निषिद्ध आहे. आजारपणामुळे विषय कमी करण्याची सवलत आहे. पण ती आधी मागावी लागते. न विचारता एक विषय सोडला, एवढ्या कारणाने, घर गहाण टाकून पाठविलेल्या मुलाचे शिक्षण मध्येच खंडित होऊ शकते.

नियम पाळूनही निर्धास्त राहावे, असे हे दिवस नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक रद्द झाल्या आणि न्यायालयीन दाव्यांनंतर त्या पूर्ववत करण्यात आल्या. अशा प्रसंगी आपल्या कागदांच्या प्रती आपल्याजवळ असणे हा विद्यार्थ्याचा मोठा आधार होय.

मध्यस्थाचे काम शिक्क्यापाशी संपते. विद्यार्थ्याची जबाबदारी तेथून सुरू होते. आपल्या महाविद्यालयांनी निरोपसमारंभातील एक भाषण कमी करून तो तास आय-ट्वेंटी वाचायला शिकविण्यास द्यावा. पालकांनीही ‘व्हिसा झाला का?’ एवढे विचारून थांबू नये. ‘त्यावर काय लिहिले आहे, ते तू वाचलेस का?’ असेही विचारावे. ज्ञानार्जनासाठी सातासमुद्रापार निघालेल्याने स्वतःचा दाखला न वाचता निघावे, यासारखी विसंगती दुसरी नाही.