मैत्रीला नात्याचा मान
संसाराचं बळ : भाग 6

मागच्या भागात नवरा-बायकोच्या संवादाविषयी लिहिलं होतं. त्यातून एक प्रश्न उरतोच. घरात जे बोलता येत नाही, ते बाईनं कुणाजवळ बोलायचं? माहेर नागपूर-अमरावतीकडे आणि संसार रायपुरात, अशा मुलींना तो फार छळतो. आईशी फोनवर बोलता येतं. पण बाळ रात्रभर रडलं की सकाळी दारात उभं राहणारं माणूस लागतं.

छत्तीसगडनं या प्रश्नावर फार पूर्वीच विचार केलेला आहे. इथे मैत्री ‘बदतात’, म्हणजे चारचौघांच्या साक्षीनं ती कायमची बांधून घेतात. श्रावणात मुली टोपल्यांत गहू पेरतात. उन्हाआड वाढलेले त्याचे पिवळे अंकुर म्हणजे भोजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी गाणी म्हणत ती तळ्यावर शिरवायला नेतात. ज्या दोघींना जन्माची सोबत हवी असते, त्या हे अंकुर एकमेकींच्या कानावर खोचतात. त्यानंतर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. भेटल्यावर ‘सीताराम भोजली’ म्हणायचं. कुणी जगन्नाथाच्या प्रसादावर ‘महापरसाद’ होतात, कुणी गंगेच्या पाण्यावर ‘गंगाजल’. मैत्रिणीच्या आईवडिलांना आपल्या आईवडिलांचा मान द्यायचा, तिच्या घरच्या लग्नाला आणि दुखवट्याला जायचंच. जातीची कुंपणंही या नात्यानं कितीदा तरी ओलांडली आहेत.

मला यातली सक्ती सर्वांत मोलाची वाटते. एरवी आपण मैत्रीला सवडीचं काम मानतो आणि लग्नानंतर, मूल झाल्यावर सवडच उरत नाही. मग सगळा धीर नवऱ्यानंच द्यावा अशी अपेक्षा धरतो. एकट्या माणसावर एवढा भार टाकला की चांगलं लग्नसुद्धा वाकतं.

2002 साली राज्याच्या आरोग्य विभागानं आपली मोठी योजना याच परंपरेवर उभी केली. प्रत्येक पाड्यातल्या लोकांनी आपल्यातलीच एक बाई निवडायची, तिला प्रशिक्षण मिळायचं, आणि ती त्या पाड्याची ‘मितानिन’, म्हणजे मैत्रीण. आज राज्यात सुमारे 70 हजार मितानिन आहेत, शहरांतल्या वस्त्यांतही आहेत. 2005 पासून देशभर आलेल्या ‘आशा’ला हा अनुभव उपयोगी पडला. मितानिनांतल्या अनेकींचं शिक्षण जेमतेम होतं. आज त्या गरोदर सुनेच्या सासूला समजावतात, दवाखान्यात सोबत जातात. काही जणी पुढे पंचायतीवर निवडून आल्या. दुसरीला आधार देता देता बाई स्वतः किती वाढते, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

अशा भेटींचं मोल शेजारच्या गडचिरोलीनं आकड्यांत दाखवून दिलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून उपचार करायच्या. नवजात बालकांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, हे 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. आज देशात आशांनी पहिल्या 42 दिवसांत बाळाला 6 वेळा भेटायचं असतं, त्यामागे हे काम आहे.

आपल्या फ्लॅटमधल्या सुनेकडे या 42 दिवसांत कोण जातं? बारशाला शंभर माणसं येतात. तिसऱ्या आठवड्यात, दूध पुरेसं येतंय की नाही या धास्तीनं ती रडत असते, तेव्हा कुणी नसतं. दोन मैत्रिणींनी वार वाटून घ्यावेत, तासभर बाळ सांभाळावं, तिला झोपू द्यावं. रडू आठवड्यांमागून आठवडे थांबत नसेल, तर हाताला धरून डॉक्टरांकडे न्यावं. तो आजार असतो आणि तो बरा होतो. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात, तात्यापाऱ्यातल्या हळदीकुंकवांत आपण भेटतोच. तिथेच हे ठरवता येईल.

आता तीजा जवळ आला आहे. आपल्या हरतालिकेचाच तो दिवस. आपण सासरीच उपास करतो. छत्तीसगडी लेकीला न्यायला मात्र भाऊ किंवा वडील येतात, ती साठीची झाली तरी. आदल्या रात्री माहेरी कारल्याची भाजी-भात, ‘करू भात’ खायचा, दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास, मग माहेरचं नवं लुगडं. व्रत नवऱ्याच्या नावानं असलं, तरी चार दिवसांची विश्रांती बाईच्या पदरात पडते, आणि गावी परतलेल्या साऱ्या भोजली एकमेकींना भेटतात.

आपल्याकडे धुणंभांडी, स्वयंपाक करणाऱ्या मावशीही या दिवसांत जातात. त्यांना पगारी सुट्टी आधीच सांगून टाका. वाटखर्चाला थोडे जास्त पैसे द्या. परतल्यावर त्यांच्या भोजलीची चौकशी करा.

पुढच्या आठवड्यात : बाळंतिणीच्या पहिल्या सव्वा महिन्यात बाळाच्या बापानं काय काय करावं.