डनिनाल्डचा डेव्हिड स्कॉट आणि वऱ्हाडच्या कापसाची वाट

वऱ्हाडातील संग्रामपूर तालुक्यातल्या वरवट बकालच्या काळ्या शिवारातील पऱ्हाटीचा जागतिक बाजाराशी संबंध कसा जुळला, याचा माग काढताना डेव्हिड स्कॉट या स्कॉटिश जमीनदाराच्या चरित्राशी थांबावे लागते. पूर्व स्कॉटलंडमधील डनिनाल्डच्या जमीनदार घराण्यात 1746 मध्ये जन्मलेला स्कॉट 1763 मध्ये मुंबईत आला, तो ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर म्हणून नव्हे, तर ‘मुक्त व्यापारी’ म्हणून, म्हणजे कंपनीच्या परवान्याने पण स्वतःच्या भांडवलावर आणि जोखमीवर धंदा करणारा.

या काळात मुंबईच्या व्यापाराला वळण दिले ते चहाने. ब्रिटिश पार्लमेंटने 1784 मध्ये चहावरील शंभर टक्क्यांहून अधिक असलेला कर साडेबारा टक्क्यांवर आणल्याने ब्रिटनमधील मागणी वाढली, आणि कँटन बंदरात चहाची किंमत केवळ चांदीत मोजत बसण्यापेक्षा गुजरातचा कापूस तेथे पाठवणे कंपनीला सोयीचे ठरले; मात्र हा माल वाहून नेणारे बहुतांशी खासगी व्यापारीच होते.

स्कॉट 1786 मध्ये मायदेशी परतला, 1788 मध्ये कंपनीच्या चोवीस संचालकांपैकी एक झाला, 1790 मध्ये फॉरफरशायरमधून पार्लमेंटवर निवडून आला आणि पुढे 1796 व 1801 मध्ये संचालक मंडळाचा अध्यक्ष झाला. कंपनीवर सरकारी देखरेख ठेवणाऱ्या नियंत्रण मंडळाचा प्रमुख हेन्री डंडास हाही स्कॉटिश होता व स्कॉटचा निकटचा सहकारी होता, हे त्याच्या उत्कर्षाचे मोठे कारण मानावे लागते. कंपनीला भाड्याने दिलेले जुने जहाज निकामी झाले की त्याच मालकाने नवे बांधून त्याच्या जागी द्यायचे, अशी जहाजमालकांची जवळजवळ वंशपरंपरागत मक्तेदारी होती, तिच्याशी त्याने झुंज घेतली आणि हिंदुस्थानात सागवानाने बांधलेल्या जहाजांतून खासगी माल लंडनला येऊ द्यावा, असा आग्रह धरला. यात त्याचा स्वतःचा स्वार्थ आहे, हा विरोधकांचा आक्षेप खोटा म्हणता येत नाही. तरीही मक्तेदारीने मालाची वाहतूक महाग होते, हे त्याचे निदान अचूक होते.

गव्हर्नर जनरल वेलस्ली खासगी व्यापाराच्या बाबतीत स्कॉटच्याच मताचा होता, आणि त्याच्याच राजवटीत 29 नोव्हेंबर 1803 रोजी संग्रामपूरला लागून असलेल्या तेल्हारा तालुक्यातील आडगावला नागपूरकर भोसल्यांचा इंग्रजांकडून पराभव होऊन डिसेंबरमध्ये झालेल्या देवगावच्या तहाने वऱ्हाड निजामाकडे गेले. स्कॉट 1805 मध्ये वारला. कंपनीचा हिंदुस्थानी व्यापाराचा मक्ता 1813 मध्ये संपला.

वऱ्हाडचा कापूस मात्र तोवर बैलांच्या पाठीवरून दूर गंगाकाठच्या मिर्झापूरला जात असे. तो प्रथम मुंबईकडे वळवला पारशी सावकार पेस्तनजी यांच्या पेढीने 1825-26 मध्ये: पाचशे बैल, एक लाख वीस हजार पौंड रुई, म्हणजे प्रत्येक बैलावर सुमारे तीन मण भार, आणि समोर सह्याद्रीचे घाट. 1870 मध्ये खामगावपर्यंत लोहमार्ग पोहोचला, तेव्हा बैलांच्या या तांड्यांचे दिवस भरले.