व्हीपीएन जोडताच इंटरनेट बंद का पडते?

१९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचे वर्षातून किमान एक अधिवेशन नागपुरात भरविण्याची तरतूद झाली. त्यानिमित्त मुंबईहून येणाऱ्या अधिकाऱ्यांना पूर्वी धारिका सोबत आणाव्या लागत. आता कार्यालयाच्या सर्व्हरवरील कागदपत्रे व्हीपीएन, म्हणजेच आभासी खाजगी जाळे, या व्यवस्थेद्वारे दूर अंतरावरूनही पाहता येतात. मात्र ही जोडणी होताच इतर संकेतस्थळे उघडेनाशी होतात, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी यंत्रणा बिघडली असे समजून काम थांबविले जाते व दाखल्यासाठी आलेल्या नागरिकाला हेलपाटा पडतो.

वस्तुतः हा बहुधा बिघाड नसून मार्गबदल असतो. व्हीपीएन सुरू होताच संगणक आणि कार्यालयीन सर्व्हर यांच्यामध्ये सांकेतिक स्वरूपातील एक बंदिस्त मार्ग तयार होतो. पुष्कळदा संगणकाची सर्वच वाहतूक या मार्गाने वळविली जाते. सर्व्हरने ती पुढे बाहेर सोडली नाही, तर कार्यालयाची कागदपत्रे दिसतात, पण बाहेरचे जग दिसत नाही. काही कार्यालयांत सुरक्षिततेसाठी अशी बंदी हेतुपुरस्सर घातलेली असते.

दोष नेमका कोठे आहे, हे क्रमाने तपासावे. प्रथम व्हीपीएन बंद करून संगणक पुन्हा सुरू करावा. तरीही इंटरनेट न आल्यास दोष राऊटरमध्ये किंवा दूरध्वनी सेवेत असण्याचा संभव अधिक. इंटरनेट आल्यास व्हीपीएन पुन्हा जोडून ८.८.८.८ या क्रमांकास 'पिंग' आज्ञा द्यावी. उत्तर आले, पण संकेतस्थळ नावाने उघडत नसेल, तर नावाचे क्रमांकात रूपांतर करणाऱ्या डीएनएस व्यवस्थेत दोष आहे. उत्तरच न आल्यास वाहतूक सर्व्हरपाशी अडत असावी. तथापि काही ठिकाणी पिंगलाच मज्जाव असतो, हेही ध्यानात घ्यावे.

केवळ कार्यालयीन वाहतूक व्हीपीएनमधून आणि उर्वरित थेट इंटरनेटवर, अशी विभागणी करता येते. विंडोज प्रणालीत दूरस्थ जाळ्याचे प्रवेशद्वार वापरण्याच्या पर्यायावरील खूण काढल्यास हे साधते. परंतु त्यामुळे एकच संगणक एकाच वेळी सुरक्षित आणि असुरक्षित अशा दोन्ही जाळ्यांशी जोडला जातो. म्हणून हा निर्णय स्वतः न घेता कार्यालयाच्या संगणक विभागावर सोपविणे इष्ट. पर्याय म्हणून बाहेरची खाजगी व्हीपीएन सेवा घेणेही योग्य नव्हे; शासकीय कर्मचाऱ्यांनी अशा सेवा वापरू नयेत, असे केंद्राच्या जून २०२२ मधील सायबर सुरक्षा मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे.

तक्रार नोंदविताना वेळ, पडद्यावरील संदेश आणि वरील चाचण्यांचे निष्कर्ष कळवावेत. 'इंटरनेट बंद आहे' एवढ्या मोघम तक्रारीपेक्षा अशा नोंदीवरून दोषाचे निवारण पुष्कळ लवकर होऊ शकते.