परिघीय चेतांची दुरुस्ती : ऊती अभियांत्रिकी आणि पेशी उपचार

प्रस्तावना : मेंदू व मेरुरज्जू यांच्याबाहेर शरीरभर पसरलेल्या चेतांना परिघीय चेता म्हणतात. अपघातात अशी चेता तुटल्यास तिच्या क्षेत्रातील स्नायूंची हालचाल व त्वचेची संवेदना लोप पावते. परिघीय चेतांत पुन्हा वाढण्याची क्षमता असते. तरीही मोठ्या इजेनंतर हात किंवा पाय पूर्ववत होतोच असे नाही. यामागील कारणे व त्यांवरील नव्या उपायांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

नैसर्गिक पुनर्वाढ : तुटलेल्या ठिकाणापलीकडील चेतातंतू नष्ट होतात, हे ऑगस्टस वॉलर यांनी १८५० मध्ये बेडकावरील प्रयोगांतून दाखविले. त्यानंतर त्या भागातील श्वॉन पेशी भक्षक पेशींच्या साहाय्याने अवशेष दूर करतात, रांगेने उभ्या राहतात आणि वाढीस पोषक द्रव्ये स्रवतात. या रांगांच्या आधाराने नवे तंतू दिवसाला सुमारे १ मिलिमीटर या गतीने पुढे सरकतात. खांद्याजवळील इजेपासून हाताच्या पंजापर्यंतचे अंतर ६० सेंटिमीटर मानल्यास त्यास सुमारे ६०० दिवस लागतात. दरम्यान चेताविहीन स्नायू क्षीण होत जातात. साधारणतः १२ ते १८ महिन्यांनंतर त्यांचे कार्य परत येण्याची शक्यता फार कमी उरते. दीर्घकाळ तंतूविना राहिलेल्या श्वॉन पेशीही आधार देण्याची क्षमता गमावतात. अंतराइतकाच काळ हाही येथे अडथळा ठरतो.

प्रचलित उपचार : दोन्ही टोके ताणाविना जुळत असल्यास ती सूक्ष्मदर्शकाखाली शिवली जातात. मधे अंतर असल्यास रुग्णाच्याच पायातील सुरल ही संवेदी चेता काढून तेथे रोपण करतात. मोठ्या अंतरासाठी आजही हीच पद्धत प्रमाण मानली जाते. मात्र तीत दुसरी जखम होते, पावलाची बाहेरची कड बधिर होते आणि उपलब्ध चेतेची लांबीही मर्यादित असते.

ऊती अभियांत्रिकी : या उणिवा टाळण्यासाठी कोलॅजेन, पॉलिग्लायकॉलिक आम्ल इत्यादी शरीरात विरघळणाऱ्या पदार्थांच्या नलिका तयार करण्यात आल्या. नलिकेत साचलेल्या द्रवातून फायब्रिनचा दोर बनतो. त्यावरून प्रथम श्वॉन पेशी व मागोमाग चेतातंतू पुढे जातात. अंतर वाढल्यास हा दोर नीट बनत नाही. त्यामुळे अशा नलिकांचा उपयोग प्रामुख्याने ३ सेंटिमीटरपर्यंतच्या अंतरासाठी होतो. दुसरा पर्याय म्हणजे दात्याची पेशीरहित केलेली चेता. पेशी काढल्याने तिच्याविरुद्ध प्रतिकारशक्तीचा विरोध फारसा होत नाही व आतील नैसर्गिक रचना टिकून राहते. परंतु तीत मार्गदर्शन करणाऱ्या जिवंत श्वॉन पेशी नसतात.

पेशी उपचार : ही उणीव भरून काढण्यासाठी बाहेरून पेशी पुरविण्याचा विचार पुढे आला. रुग्णाच्या स्वतःच्या श्वॉन पेशी सर्वांत योग्य होत. पण त्या प्रयोगशाळेत वाढविण्यास कित्येक आठवडे लागतात. अस्थिमज्जा किंवा चरबीतील मूलपेशी मिळविणे तुलनेने सोपे असून त्या मुख्यतः पोषक द्रव्ये स्रवून साहाय्य करतात असे दिसते. मायामी विद्यापीठातील शल्यचिकित्सकांनी २०१६ मध्ये एका रुग्णाचा अहवाल प्रसिद्ध केला. मांडीतील मोठ्या चेतेतील ७.५ सेंटिमीटरच्या अंतरावर सुरल चेतेच्या रोपणासोबत रुग्णाच्याच श्वॉन पेशी वापरल्या गेल्या व काही कार्य परत आले. तथापि रोपण व पेशी एकत्र वापरल्याने सुधारणेचे श्रेय केवळ पेशींना देता येत नाही.

निष्कर्ष : नलिका मार्ग देते, पेशी त्या मार्गावर आधार देतात, परंतु स्नायू क्षीण होण्यापूर्वी तंतू तेथे पोहोचणे हीच खरी कसोटी आहे. नवी पद्धत प्रमाण रोपणापेक्षा सरस आहे, हे मानवी चाचण्यांतील तुलनेनेच सिद्ध होऊ शकेल. तोपर्यंत चेतेच्या इजेचे वेळेवर निदान व त्वरित शस्त्रक्रिया यांचे महत्त्व कोणत्याही नव्या तंत्राने कमी होत नाही.