वीस सामने, सात गोल

२० सामने. केलेले गोल ७९, खाल्लेले ७. मेलबर्न १९५६, रोम १९६० आणि टोकियो १९६४ या तीन ऑलिंपिकमधला भारतीय हॉकी संघाचा हा जमाखर्च आहे. या तिन्ही संघांत गोली म्हणून एक नाव कायम होतं: मराठा लाइट इन्फंट्रीचे शंकर लक्ष्मण. या रेजिमेंटचं केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. आपण त्याला नुसतं ‘मराठा सेंटर’ म्हणतो. निपाणीपासून खानापुरापर्यंत कुणाचा ना कुणाचा काका, मामा तिथं भरती झालेला असतो. टोकियोच्या सुवर्णपदक विजेत्या संघात तर आपल्या बेळगावचे बंडू पाटीलही होते. म्हणून हा हिशेब बेळगावकरांनी तरी एकदा नीट मांडायला हवा.

सुरुवात मेलबर्नपासून. अफगाणिस्तानवर १४-०, अमेरिकेवर १६-०, सिंगापूरवर ६-०, उपांत्य सामन्यात जर्मनीवर १-० आणि अंतिम सामन्यात पाकिस्तानवर १-०. एकूण ३८ गोल केले, खाल्ला एकही नाही. सामन्यामागे सरासरी ७.६ गोल. पण ही सरासरी फसवी आहे. ३८ पैकी ३० गोल पहिल्या दोन सामन्यांतच झाले. जर्मनी आणि पाकिस्तान समोर आल्यावर एकेक गोल मिळाला आणि तेवढ्यावरच पदक ठरलं. म्हणजे त्या दोन सामन्यांत भारतीय गोलात एक चेंडू जरी गेला असता, तरी बरोबरी झाली असती.

तो अंतिम सामना ६ डिसेंबर १९५६ चा. त्याआधी ३५ दिवस, १ नोव्हेंबरला, बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्याला जोडलं गेलं होतं. सामन्याच्याच दिवशी दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महापरिनिर्वाण झालं. बाबासाहेबांचा जन्म महूचा, आणि शंकर लक्ष्मणही तिथलेच. सुवर्णपदकाची बातमी त्या दिवशी मराठी घरांत कशी पोचली असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

रोमला गणित आणखी घट्ट झालं. डेन्मार्कवर १०-०, नेदरलँड्सवर ४-१, न्यूझीलंडवर ३-०, मग ऑस्ट्रेलियावर १-० आणि ब्रिटनवर १-०. अंतिम सामन्यात पाकिस्तानच्या नसीर अहमद यांनी एक गोल केला आणि आपण ०-१ हरलो. ६ सामन्यांत १९ गोल केले, २ खाल्ले. १९२८ पासून ऑलिंपिकमध्ये सलग ३० सामने जिंकत आलेला संघ दुसऱ्या स्थानावर आला, तो या दोनातल्या एका गोलामुळे.

टोकियोत १३ दिवसांत ९ सामने खेळावे लागले. बेल्जियमवर २-०, जर्मनीशी १-१, स्पेनशी १-१, हाँगकाँगवर ६-०, मलेशियावर ३-१, कॅनडावर ३-०, नेदरलँड्सवर २-१. उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियावर ३-१, आणि २३ ऑक्टोबर १९६४ ला पाकिस्तानवर १-०. जमा २२, खर्च ५. सामन्यामागे २.४४ गोल, म्हणजे मेलबर्नच्या सरासरीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. अंतिम सामन्यातला एकमेव गोल मोहिंदर लाल यांनी उत्तरार्धात पेनल्टी स्ट्रोकवर केला. त्यानंतर सामना संपेपर्यंत बरोबरीसाठी चढाई करणाऱ्या पाकिस्तानसमोर लक्ष्मण उभे होते. डोक्यावर हेल्मेट नव्हतं; त्या काळी गोलीला ते मिळतच नसे.

आता तिन्ही स्पर्धा एकत्र घेऊ. १७ विजय, २ बरोबऱ्या, १ पराभव. १३ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करता आला नाही. उरलेल्या ७ सामन्यांत प्रत्येकी एकच. वीसपैकी एकाही सामन्यात भारतावर दोन गोल झाले नाहीत. ७९ पेक्षा मला ही ओळ मोठी वाटते. १७ विजयांपैकी ६ विजय एका गोलाच्या फरकाचे आणि त्यांतले ५ चक्क १-० चे. पाकिस्तानविरुद्धचे तिन्ही अंतिम सामने एका गोलावर सुटले. दोन आपले, एक त्यांचा.

हे सगळं श्रेय एकट्या गोलीच्या खात्यावर टाकणं चुकीचं ठरेल. टोकियोत त्यांच्यापुढे पृथिपाल सिंग, गुरबक्ष सिंग, धरम सिंग यांच्यासारखी बचावफळी होती, आणि संघात राखीव गोलीही असत. तरीही खटकतं ते हे, की गोल करणाऱ्याचं नाव धावफलकावर लागतं आणि अडवणाऱ्याच्या नावापुढे रकानाच नसतो. आठ चेंडू अडवले काय किंवा एकही आला नाही काय, धावफलकावर दोन्हीचं शून्यच.

ही गफलत हॉकीपुरती नाही. त्याच मेलबर्नमध्ये अमेरिकेच्या बिल रसेल यांनी बास्केटबॉलचं सुवर्ण जिंकलं. पुढे बोस्टन सेल्टिक्सकडून ते १३ हंगामांत ११ वेळा विजेते ठरले. त्यांची खरी ताकद प्रतिस्पर्ध्याचा फटका हवेतच अडवण्यात होती. पण त्यांच्या व्यावसायिक लीगने अडवलेले फटके आणि हिसकावलेले चेंडू मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामात. रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाले होते. त्या काळच्या सामन्यांच्या तक्त्यात त्यांचे गुण आणि रिबाउंड मिळतात, त्यांनी अडवलेला एकही फटका अधिकृतपणे मिळत नाही.

लक्ष्मण यांच्या खात्यावर निदान सन्मान तरी आहेत. १९६४ चा अर्जुन पुरस्कार, १९६७ ची पद्मश्री, आणि १९६६ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत कर्णधार म्हणून सुवर्ण. तिथंही अंतिम सामना पाकिस्तानशी, तिथंही १-०. वाजंत्री पथकातला पोरगा म्हणून १९४७ मध्ये सैन्यात शिरलेला हा माणूस १९७९ मध्ये कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. २९ एप्रिल २००६ रोजी महूत, हलाखीत आणि पायाच्या गँगरीनने त्यांचा अंत झाला.

बंडू पाटलांचं नाव बेळगावात हॉकीवाल्यांच्या तोंडी अजून आहे, पण नुसतं नाव पुरत नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर भागात ज्यांच्या घरी त्या काळचे खेळाडू होते, त्यांनी ट्रंकेतली कात्रणं आणि फोटो बाहेर काढावेत. प्रत्येकामागे तारीख, मैदान, प्रतिस्पर्धी आणि निकाल लिहावा. आणि त्या दिवशी गोलात कोण उभं होतं, तेही आठवणीनं लिहावं.