ऑफर लेटरवरचा आकडा आणि हातात पडणारा पगार
(लेखांक 6)

मागच्या लेखात मुलाखतीपर्यंत आलो होतो. आता ऑफर लेटर आलं आहे आणि आकड्यावर बोलायचं आहे. आपल्याकडे नेमकं इथंच तोंड उघडत नाही. तो भिडस्तपणा आहे असं मला वाटत नाही. गोव्यात डिचोलीत खाणीवरच्या कामगाराचा पगार युनियनच्या वेतनकरारात ठरायचा, सरकारी नोकराचा वेतन आयोग ठरवतो. पगारासाठी एकट्याने कुणाशी बोलणी केलेला माणूसच घरात नसेल, तर मुलगी शिकणार कुणाकडून? त्यात खाणी 2012 मध्ये बंद पडल्या, पुन्हा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने 2018 मध्येही. तेव्हापासून ‘मिळतंय ते घे’ हा घरोघरचा सल्ला झाला. सोसलेल्या माणसांचा सल्ला आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. पण तो हातात काहीच नसतानाचा आहे. निवड लेखी कळवल्यावर कंपनीलाही नव्याने माणूस शोधणं नको असतं.

पेडण्यात आकड्याच्याही आधी एक प्रश्न येतो. मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ 5 जानेवारी 2023 पासून चालू आहे आणि ‘पोरगा विमानतळावर लागला’ हे वाक्य आता कानावर रुळलं आहे. लागला, पण कुणाकडे? विमानतळ चालवणारी कंपनी वेगळी, विमान कंपन्या वेगळ्या, सामान चढवणारी एजन्सी वेगळी, दुकानं आणि साफसफाईचे कंत्राटदार आणखी वेगळे. नेमणूकपत्र कुणाच्या लेटरहेडवर आहे ते आधी पाहा. कंत्राटदाराच्या रोलवर दोन हजार जास्त मिळत असतील, तरी कंत्राट संपल्यावर आपलं काय, हे विचारल्याशिवाय त्या दोन हजारांची किंमत कळत नाही. खाणीकडेही असाच प्रश्न येतो: जुन्या कामगाराला परत बोलावणं आलं, तर जुनी सेवा धरणार की नव्याने नेमणूक, हे लेखी घ्यावं. ग्रॅच्युइटी त्यावर ठरते.

आता आकडा. समजा सीटीसी, म्हणजे कंपनीचा आपल्यावरचा एकूण खर्च, वर्षाला 6 लाख, म्हणजे महिना 50,000. मूळ पगार 25,000 धरा. कंपनीचा पीएफचा वाटा 12 टक्के, म्हणजे 3,000, तो या पन्नासातच. ग्रॅच्युइटीपोटी साधारण 1,200, तेही त्यातच. ‘कामगिरीनुसार’ म्हणून 5,000 बाजूला ठेवलेले असतात. मग आपल्या वाट्याचा पीएफ आणखी 3,000 कापला जातो. हातात पडतात 37,800. पीएफ आपलाच आहे, तो बुडाला असं नाही, पण घरभाडं आणि कर्जाचा हप्ता त्यातून भरता येत नाही. मूळ पगार फारच कमी दाखवला असेल तर कारण विचारा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते.

म्हणून एचआरशी बोलताना सीटीसी वाढवून मागण्यापेक्षा ते ‘कामगिरीनुसार’चे पाच हजार ठरलेल्या पगारात मागावेत, असं माझं मत. ‘काम मला आवडलं आहे, पण ठरलेली रक्कम 42,000 च्या आसपास हातात पडेल अशी मांडणी करता येईल का?’ एवढंच म्हणावं आणि थांबावं. घरच्या अडचणी सांगू नयेत. आपल्याला काय येतं आणि त्या कामाला बाजारात काय मिळतं, तेवढं सांगावं. पगाराची श्रेणी ठरलेली आहे असं उत्तर आलं, तर गाडीचं विचारावं. रात्री उशिरा शिफ्ट सुटल्यावर मोपाहून डिचोलीला कदंबची बस मिळेल या भरवशावर राहता येत नाही. रोजच्या स्कूटरच्या पेट्रोलचा खर्च पगारवाढीतून वजा करून पाहा, मग कंपनीची गाडी कितीची ते कळेल. सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार करू असं आश्वासन मिळालं, तर ते ईमेलवर मागा. हे सगळं लेखी येईपर्यंत जुन्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.

नोटीस पिरियडचे पैसे नव्या कंपनीने भरावेत का, ते पुढच्या आठवड्यात.