अडीच फुटी रुळांवरचं सावनेर

नागपूरहून वायव्येला निघालं की सावनेरला रस्ता फुटतो. एक फाटा पांढुर्ण्यावरून बैतूलकडे जातो, दुसरा सौंसर गाठून छिंदवाड्याकडे सातपुडा चढू लागतो. कोलार नदीकाठचं हे तालुक्याचं गाव. जवळच आदासाचा गणपती आणि धापेवाड्याचा विठोबा. इथल्या साठी-सत्तरीच्या माणसाला जुन्या सावनेरबद्दल विचारावं, तो तीन गोष्टी एका दमात सांगतो: छोटी गाडी, कापसाचा जीन आणि टाकीज.

या तिन्ही गोष्टी आता गेल्या किंवा ओळखू येणार नाहीत इतक्या बदलल्या. हळहळ तिघींसाठी वेगवेगळी केली जाते. मला मात्र वाटतं, ती एकच यंत्रणा होती. गाडीनं बाजार जगवला, जिनानं बाजारात पैसा आणला आणि त्या पैशातला थोडा वाटा टाकीजच्या खिडकीवर पोचला. म्हणून त्यांची ओळख एकत्रच करून घ्यायला हवी.

छोटी गाडी

रेल्वेच्या कागदावर तिचं नाव नॅरोगेज. लोकांच्या तोंडी ती ‘छोटी लाईन’. दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मोठ्या लाईनचं अंतर १६७६ मिलिमीटर, तिच्या दुपटीहूनही जास्त. बंगाल नागपूर रेल्वेनं सातपुड्यात हे अरुंद रूळ टाकले, कारण डोंगरात ते स्वस्त पडतात. वळण तीव्र असलं तरी छोटी गाडी ते घेते. त्यामुळे घाट कमी फोडावा लागतो, पूल हलके चालतात, जमीन कमी लागते. गोंदिया, नैनपूर, जबलपूर, छिंदवाडा असं जाळं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विणलं गेलं आणि पुढच्या दशकात नागपूर-छिंदवाडा मार्ग त्याला जोडला गेला. त्या मार्गावरचं सावनेर हे महत्त्वाचं स्थानक. इतवारीहून निघालेली गाडी कोराडी, खापरखेडा, पाटणसावंगी घेत सावनेरला यायची आणि पुढे केळवद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना करत घाटात शिरायची.

इतवारी हे या लाईनचं नागपूरकडचं टोक. नागपूरचा जुना घाऊक बाजारही इतवारीतच. त्यामुळे सावनेरच्या किराणा दुकानदाराला खरेदीसाठी शहर पालथं घालावं लागत नसे. सकाळच्या गाडीनं जायचं, गूळ, मसाले, कापड, भांडी बघून सौदा करायचा आणि परतीच्या गाडीला माल चढवायचा. नोकरदार, विद्यार्थी, दूधवाले, भाजीवाल्या बाया, वाकीला ताजुद्दीनबाबांच्या दरबारात निघालेले भाविक, सगळे त्याच बाकांवर बसत. पुस्तकी व्याख्येत ही प्रवासी सेवा होती. गावाच्या लेखी ती इतवारीपर्यंत पोचलेली सावनेरची बाजारपेठ होती.

तिनं आणखी एक मोठं काम केलं. १९५६ पर्यंत छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि केळवद व लोधीखेड्याच्या मध्ये राज्याची सीमा आली. सौंसर, पांढुर्णा या पट्ट्यातलं मराठी मात्र घरातच राहिलं. सोयरिकी सीमेच्या अलीकडे-पलीकडे होतच राहिल्या, आणि लग्नसराईत वऱ्हाडी मंडळींना इकडून तिकडे पोचवायला छोटी गाडी होतीच. नकाशानं तोडलेला मुलूख तिनं पुढची साठ वर्षं एका वेळापत्रकात बांधून ठेवला.

जीन

सावनेर हा कापसाचा बाजार. दसरा उलटला की शेतातली पऱ्हाटी पांढरी होते, वेचणी सुरू होते आणि गावाचं वर्ष खऱ्या अर्थानं उजाडतं. बंड्यांच्या रांगा लागत, अडत्यांच्या गाद्या गजबजत, मापाऱ्यांचा आवाज चढत जाई. या सगळ्या वर्दळीच्या मधोमध असे जीन.

जिनातला रेचा हे समजायला सोपं आणि राबायला अवघड यंत्र. चामड्यानं मढवलेला रूळ फिरत राहतो आणि कापसाचे तंतू धरून पुढे ओढतो. त्याला लागून एक स्थिर पातं असतं, तिथं सरकी अडते. वर-खाली हलणारं दुसरं पातं तिला ठोकून खाली पाडतं. एका बाजूला रुई, दुसऱ्या बाजूला सरकी. शंभर किलो कापसातून साधारण तेहतीस ते पस्तीस किलो रुई निघते. बाकीची बहुतेक सरकी. ती तेलघाणीकडे जाते आणि तिची ढेप गाई-म्हशींच्या गव्हाणीत. रुई दाबून गाठ बांधायची. आजची प्रमाण गाठ १७० किलोची असते.

रेच्यावर कापूस घालणाऱ्या बहुतेक बायाच असत. पदर डोक्याला आणि नाकातोंडाला घट्ट बांधलेला, पापण्यांवर पांढरी लव, कानात दिवसभर यंत्राची घरघर. या कामानं छातीचे विकार जडतात. जुन्या दिवसांची गोडी सांगताना हे लपवता कामा नये. पण त्याच कामानं हातात रोख पैसा दिला. शेतमजुरीचा दिवस पावसावर अवलंबून असतो. जिनाचा हंगाम दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हप्त्याला पैसे देत असे. त्या पैशातून बांगड्या, लुगडी, पोरांच्या वह्या आणि थोडा सिनेमा येई.

टाकीज

टाकीजच्या आधीही या भागाला खेळाचं वेड होतं. खडी गंमत आणि दंडार ही लोकनाट्यं गावोगाव रंगत. मराठी रंगभूमीशी तर सावनेरचं नातं फार हृद्य आहे. राम गणेश गडकरी आजारपणात आपल्या भावाकडे इथं आले, इथंच त्यांनी ‘भावबंधन’ पूर्ण केलं आणि त्यानंतर काही तासांतच, २३ जानेवारी १९१९ रोजी, इथंच देह ठेवला. वय अवघं ३३. मराठी नाटकाच्या इतिहासात सावनेरचं नाव त्या तारखेनं कायमचं कोरलं गेलं.

पुढे सिनेमा आला. आधी तंबूतला, मग पत्र्याच्या छपराखालचा. मध्य प्रांत-वऱ्हाडच्या चित्रपट वितरणाची सूत्रं अमरावती आणि भुसावळच्या कचेऱ्यांतून हलत. तिथून गावोगावच्या टाकीजना पत्र्याच्या पेटीतून रिळं पोचत. नवा सिनेमा मोठ्या शहरांत धंदा करून मगच तालुक्याच्या गावी येई, तोवर प्रिंटवर ओरखडे पडलेले असत. पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा दिसत आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे.

पडद्यामागची खरी कला ऑपरेटरच्या खोलीत होती. मोठ्या प्रोजेक्टरमध्ये दोन कार्बनच्या कांड्यांमधल्या विजेच्या ठिणगीतून प्रकाश येई. कांड्या जळून झिजत, म्हणून त्यांच्यातलं अंतर सतत जुळवत राहावं लागे. हात चुकला की पडदा पिवळा पडे. फिल्म मिनिटाला नव्वद फूट या वेगानं धावते, म्हणजे हजार फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका दिसतो. त्या खुणेवर दुसरं यंत्र सुरू करायचं, दुसऱ्या खुणेवर उजेड तिकडे वळवायचा. हे साधलं तर प्रेक्षकाला जोड कळत नाही. प्रेक्षकांच्या शिट्या नटाला मिळत, पण तालुक्याच्या गावात खेळ सलग चालला याचं श्रेय त्या तापलेल्या खोलीतल्या माणसाचं होतं.

टाकीजभोवती आपोआप एक छोटी पेठ उभी राहते: पानठेला, चहा-भज्याची टपरी, सायकल ठेवायची जागा, पोस्टर चिकटवणारा पोरगा, भोंगा लावून फिरणारा रिक्षावाला. कापसाचं साल चांगलं गेलं की या सगळ्यांचं साल चांगलं जाई. बोंडअळीनं किंवा अवकाळीनं पीक बुडालं की टाकीजमधल्या मागच्या खुर्च्याही रिकाम्या दिसत.

घडी कशी विस्कटली

हे सगळं एका दिवसात बंद पडलं नाही. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि कापसाची खासगी खरेदी थांबली. अडत्याची जुनी उधारी-उचल आणि तिच्यावर चालणारी दुकानदारी तिथं पहिल्यांदा हलली. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती योजनाही मोडीत निघाली. त्याच सुमारास, २००० साली, केंद्र सरकारचं कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झालं. स्वयंचलित यंत्रं, पक्की फरशी आणि मोठं आवार असलेल्या जिनांना त्यानं मदत दिली. एवढी जागा गावठाणात कुठून मिळणार? विदर्भात नवे जीन हमरस्त्याला लागून उभे राहिले आणि पेठांमधले जुने मागे पडले. सावनेरच्या बाजारात कापूस आजही येतो, पण त्याची वाट आता बाजारपेठेतून जात नाही.

टाकीजला आधी व्हिडिओनं घेरलं, मग केबलनं, मग मोबाइलनं. नागपूरसारख्या शहरातही व्हेरायटी आणि अलंकार या टाकीजची नावं आता चौकांपुरती उरली.

छोट्या गाडीचं दुखणं तिच्या जन्मापासूनचं. तिचे डबे मोठ्या रुळांवर जाऊ शकत नसत, म्हणून इतवारीला प्रत्येक पोतं उतरवून दुसऱ्या डब्यात भरावं लागे. हमालांना त्यातून काम मिळे, व्यापाऱ्याचा खर्च वाढे. ट्रक आला तेव्हा मालवाहतूक सहज निसटली. २०१५ च्या अखेरीस ही लाईन रुंदीकरणासाठी बंद झाली आणि २०२१ मध्ये छिंदवाड्यापर्यंतचा संपूर्ण मोठा मार्ग खुला झाला. नव्या गाडीबद्दल मला मनापासून आनंद आहे. मात्र मधल्या वर्षांत लोकांनी एसटी, ट्रॅक्स आणि मोटारसायकलचा आधार घेतला, दुकानांत कंपनीची गाडी दारापर्यंत माल आणू लागली, आणि स्थानकाच्या वेळेवर चालणारा बाजार ती वेळ विसरला.

आता काय करावं

नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय आहे. इंजिनं, डबे, सिग्नलचे कंदील तिथं नीट जपले आहेत. लोखंड असं जपता येतं. त्या लोखंडाभोवतीचं ज्ञान माणसांजवळ आहे आणि ती माणसं आता थकली आहेत. रेच्याचं चामडं कधी बदलायचं हे आवाजावरून ओळखणारा फिटर, कापूस मुठीत धरून धाग्याची लांबी सांगणारा अडत्या, कार्बनची कांडी जुळवणारा ऑपरेटर, बारा स्थानकांची नावं आणि वेळा पाठ असलेली भाजीवाली. यांच्या मुलाखती कुणी घ्यायच्या? सावनेरच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी. प्रत्येकाच्या हातात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहेच. जुनी तिकिटं, कापूसपट्ट्या, अडतीच्या वह्या, सिनेमाची हस्तपत्रकं घराघरांतल्या पेट्यांत असतील. त्यांची छायाचित्रं काढून नगर वाचनालयात एक कपाट भरता येईल.

गडकऱ्यांची स्मृती सावनेरनं शंभर वर्षं जपली आहे. ज्या गावाला एका नाटककाराचे अखेरचे दिवस जपता आले, त्याला आपल्या कष्टकऱ्यांची शंभर वर्षंही नक्कीच जपता येतील. येत्या दसऱ्यापासून, कापूस बाजारात येऊ लागेल तेव्हापासूनच, या कामाला सुरुवात व्हावी.